वळलेली राख

प्रागच्या झिझ्कोव्ह भागात, ट्रॅमच्या उतारावर, लुआच्या आईचं दुकान होतं. बिअर, ब्रेड, सिगारेटी, टोमॅटो, मेणबत्त्या, मागाल ते. नऊ वर्षांत ते एक दिवस बंद राहिलं नव्हतं. नाताळला उघडं, नवीन वर्षाच्या दिवशी उघडं (आमच्या व्हिएतनामी तेतला, त्या दिवशी सैतानसुद्धा धंदा करत नाही), आणि आईला न्यूमोनिया झाला तेव्हाही उघडंच. गल्लीतले चेक लोक म्हणायचे, ही बाई पैशाच्या मागे वेडी झालीय. म्हणोत बापडे. आईला पैशाचं काही पडलेलं नव्हतं. दुकान उघडं असायचं ते तोआनसाठी.

तोआन म्हणजे लुआचा थोरला भाऊ. बाप कॅन्सरने गेला आणि वर्षभरात हा इंग्लंडला निघाला, ट्रकच्या पोटात बसून, जशी आमची कितीतरी पोरं निघतात. तिकडे नखं रंगवायच्या दुकानांत काम मिळतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटचा फोन आला तो फ्रान्समधल्या कुठल्याशा ट्रकतळावरून. "आई, आता फोन बंद करतो. पोचलो की करतो." संपलं. पुढे फोन नाही, चिठ्ठी नाही, प्रेत नाही. विचारायचं तिथे विचारून झालं, नाही तिथेही विचारून झालं. जिवंत माणसांत तो कुणाला सापडला नाही आणि मेलेल्यांतही सापडला नाही.

त्याला पाठ होत्या दोनच गोष्टी: आईचा फोन नंबर आणि दुकानाचा पत्ता. म्हणून आईने नंबर बदलला नाही आणि दुकानाचं शटर कधी ओढलं नाही. मायदेशी बहीण वारली, तेव्हाही गेली नाही. "मी तिकडे नि पोरगा इकडे दारात उभा राहिला तर?" एवढंच म्हणाली.

दुकानामागच्या खोलीत पितरांचा देव्हारा होता. त्यावर आजोबा, आजी आणि लुआचे बाबा, तिघांचे फोटो. तोआनचा नव्हता. जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवलात तर तुम्ही त्याला आपल्या हातांनी मारलंत. आणि मेलेल्याचा ठेवला नाहीत तर तो उपाशी, दारोदार भटकतो, कारण त्याला जेवायला कुणी बोलावतच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! नऊ वर्षं आईने ते तसंच मुठीत धरून ठेवलं होतं. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला बेवारस भुतांसाठी पातळ पेज रस्त्यावर ओततात, ती मात्र आई पातेलंभर ओतायची. कुणासाठी ते बोलायची नाही. लुआ विचारायची नाही.

ही लुआ चित्रकार. आमच्यात पोरं डॉक्टर होतात, वकील होतात, अगदीच काही नाही तर बँकेत चिकटतात. ही झाली कलावंत. आईबाप दुकानात राबायचे म्हणून लहानपणी हिला पगारी चेक आजीने वाढवलं, शाळेत हिचं नाव लूसी झालं, आणि मोठी झाल्यावर हिला प्रश्न पडला की आपलं घर कुठलं. आता ज्याला असा प्रश्न पडतो त्याने गप्प बसावं की नाही? पण नाही. तिने त्याचं प्रदर्शन मांडलं. व्हिएतनाममधून येऊन युरोपात वाढलेल्या चार-पाच चित्रकारांचं मिळून ते प्रदर्शन होतं, आणि लुआने त्यात एक अख्खा देव्हारा उभा केला होता. लाल फळी, पितळी दिवे, केळ्यांचा घड, पपनस, तांदळाच्या दारूचे पेले, आणि आजी-आजोबांचे, बाबांचे फोटो.

प्रदर्शन मांडणारी रादका नावाची चेक बाई होती. मनाने चांगली, पण समोरच्याचं दुःख दिसलं की हिचे डोळे चमकायचे.

"लूसी, सगळं सुंदर आहे, पण काळजाला हात घालत नाही," ती म्हणाली. "जो घरात नाही, त्याच्यामुळेच घर कळतं. तुझा भाऊ कुठे आहे ह्यात?"

"त्याचा फोटो नाही ठेवता येत."

"का?"

ते का, ते लुआला चेकमध्ये सांगता येईना. आपल्या भाषेत जे सरळ वाटायचं ते चेकमध्ये आणलं की भुताखेतांची गोष्ट वाटायची, आणि तिची तिलाच लाज वाटायची. मग तिने स्वतःची समजूत घातली. हा काही खरा देव्हारा नव्हे. पुढच्या उदबत्त्यांच्या भांड्यात घरची राख नाही, साधी बागेतली वाळू आहे. कुणी मंत्र म्हटले नाहीत, मुहूर्त पाहिला नाही. नाटकात लग्न लागलं म्हणून कुणी नवरा-बायको होतं का?

होतं, बाई. कधी कधी होतं. पण तेव्हा तिला ते कोण सांगणार?

तिने तोआनचा एकोणिसाव्या वर्षीचा फोटो, लाल जर्सीतला, हसरा, काळ्या चौकटीत घातला आणि बाबांच्या शेजारी ठेवला. वर आणखी एक शहाणपणा केला. शहराबाहेरच्या आपल्या लोकांच्या बाजारातून उदबत्त्या आणायला गेली, तर दुकानदारीण म्हणाली, "साधी हवी की वळणारी?"

आमच्यात उदबत्तीला मोठा अर्थ असतो. जळताना राख खाली पडली तर पडली, त्याचं काही नाही. पण कधी कधी ती पडत नाही, तशीच काडीला धरून वळत जाते आणि तिचं गोल कडं होतं. राख वळली की समजायचं, ज्याला बोलावलं तो आला, आणि वाढलेलं त्याने घेतलं. लोक त्या कड्याकडे बघून रडतात, हात जोडतात. आता हल्ली बाजाराला काही पवित्र आहे का? काडीला रसायन लावलेल्या उदबत्त्या निघाल्या आहेत, दर वेळी हमखास वळणाऱ्या. लुआला ते ठाऊक होतं. प्रदर्शनाच्या फोटोंत ती कडी छान दिसतील, म्हणून तिने वळणारी घेतली.

आईला तिने बोलावलंच नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, पण दुकान सोडून ती येणार नाही ह्या भरवशावर. पण शेजारच्या गल्लीत नखांचं दुकान चालवणारी न्यान मावशी होती ना! तिने आईच्या मागे लकडा लावला. "अगं थोआ, पोरीचं नाव भिंतीवर लिहिलंय म्हणे. तुझ्या नवऱ्याचा फोटो मांडलाय. दोन तास माझी सून बसेल दुकानात. फोन घे बरोबर, पोरगा काय दुकानातल्या काउंटरवर फोन करतो का?" आई कशी कोण जाणे, कबूल झाली.

शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटनाला गर्दी होती. लुआने स्वतः उदबत्त्या पेटवल्या, प्रत्येक फोटोपुढे एक. लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होते. लुआ एका जर्मन बाईशी बोलत असताना तिला दारात आईचा तपकिरी कोट दिसला. तिने पुढे व्हायला हवं होतं, आईला दारातच अडवायला हवं होतं. पण ती तिथेच थिजली.

आई गर्दीतून वाट काढत देव्हाऱ्यापर्यंत आली. नवऱ्याचा फोटो पाहून तिने हात जोडले. मग तिला शेजारचा दिसला.

आधी तिला कळलंच नाही. ती वाकली, डोळे बारीक केले, जसे ती दुकानात खोट्या नोटा बघताना करायची. मग तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला आणि तिने फोटो काढून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"कुणी ठेवला हा? कुणी ठेवला इथे? जिवंत आहे तो! माझा पोरगा जिवंत आहे!"

न्यान मावशीने तिचं मनगट धरलं. "थोआ! थांब! थोआ, राख बघ!"

तोआनपुढची उदबत्ती अर्धी जळली होती. राख पडली नव्हती. वळून वळून तिचं कडं झालं होतं, बांगडीएवढं, आणि ते काडीला लटकून होतं.

आईचे हात तसेच हवेत राहिले. ती त्या कड्याकडे बघत राहिली. इकडे लुआ धावली, "आई, ऐक, आई, तसं नाहीये ते," पण न्यान मावशी मोठमोठ्याने "आला गं! तुझा तोआन आला गं!" म्हणून ओरडत होती, आणि आई खाली बसली. फरशीवर बसली. नऊ वर्षांत ती लुआसमोर एकदाही रडली नव्हती. आता जी रडली ती आतलं सगळं उलटंपालटं करून रडली. "बाळा, इतका उपाशी होतास रे, आणि मी तुला एकदा बोलावलं नाही. एकदा हाक मारली नाही रे तुला!"

हॉल चिडीचूप झाला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी एकाने. मग सगळ्यांनी. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला होता. रादका डोळे पुसत लुआच्या कानाशी आली आणि म्हणाली, "केवढं धाडस आहे हे! हे तुम्ही ठरवून केलंत?"

लुआला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. ती आईला उठवायला गेली, तर आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने काळ्या चौकटीतला फोटो छातीशी धरला, न्यान मावशीचा हात धरला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी लुआ देव्हारा मोडायला गेली तर रादका म्हणाली, "नको, नको! ती रिकामी जागा तर आता सगळ्यात बोलकी आहे."

त्यानंतरचा आठवडा लुआने कसा काढला ते तिचं तिला माहीत. तोआनचा फोटो आता दुकानामागच्या खोलीत, खऱ्या देव्हाऱ्यावर होता. पुढे भाताचा वाडगा, वर उकडलेलं अंडं, खोचलेल्या जेवायच्या काड्या, सगळं रीतसर. मुलाचं सुतक आई पाळत नाही, धाकटी भावंडं पाळतात, म्हणून आईने पांढरं कापड फाडून लुआच्या कपाळाला बांधायची पट्टी केली. मरणाची तिथी कोणती धरायची? तर ज्या दिवशी घर सोडलं ती. नाहीतरी ज्याचा पत्ता लागत नाही, त्याची तीच धरतात.

आणि भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे आई बरी दिसत होती. पोटभर जेवत होती. झोपत होती. नऊ वर्षं ट्रॅमचा आवाज आला की तिची मान दाराकडे वळायची, ती आता वळत नव्हती.

"राहू दे तिला," न्यान मावशी म्हणाली. लुआने तिला सगळं खरं सांगितलं होतं, रसायनाचंसुद्धा. मावशीने तोंडात बोटं घातली, लुआला दोन शेलक्या शिव्या हासडल्या, आणि मग हे म्हणाली. "राहू दे. झोपतेय ना? नऊ वर्षांत तुझ्या आईचं वजन बघ किती उतरलंय."

"मावशी, आणि तो जिवंत असला तर?"

"असता तर केला नसता का फोन? नऊ वर्षं!"

"कुठे कोंडून ठेवला असेल. तुरुंगात असेल. आठवत नसेल त्याला. तुम्हीच सांगता ना, कुणाचातरी पोरगा अकरा वर्षांनी आला म्हणून?"

"ते लोक सांगतात, मीही सांगते. बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं गं." मावशीने नाक पुसलं. "आणि आता तुला आठवलं होय हे? फोटो काळ्या चौकटीत घालताना नाही आठवलं?"

पण आई नुसती झोपत नव्हती, ती आवरत होती. दुकान ब्रनो शहराकडच्या एका कुटुंबाला द्यायचं ठरलं. पुढच्या महिन्यात तोआनचा फोटो घेऊन ती गावी जाणार होती, सासऱ्यांच्या शेताच्या कडेला त्याचं रिकामं थडगं बांधायला. प्रेत नसलं की आमच्यात मातीची बाहुली करून पुरतात आणि त्यालाच कबर म्हणतात. आणि फोन नंबर बंद करायचा होता. "आता काय करायचाय तो?" आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

म्हणजे दुकान जाणार, नंबर जाणार. उद्या तोआन कुठूनतरी सुटला, एखाद्या फोनपाशी पोचला, तर त्याला पाठ असलेला एकमेव नंबर वाजणारच नाही. आणि हे कुणी केलं? फोटो छान यावा म्हणून उदबत्ती निवडणाऱ्या बहिणीने केलं. लुआला अन्न गोड लागेना. ट्रॅममध्ये लाल जर्सीतला कुणी दिसला की ती उठून त्याचा चेहरा बघायला जायची. शेवटी रविवारी दुपारी ती वळणाऱ्या उदबत्त्यांचा पुडा पिशवीत घालून आईकडे गेली.

आई खोकी बांधत होती.

"आई, बस जरा. मला तुला काही दाखवायचंय."

"दाखव की. हात चालू राहू देत माझे."

"नाही. बस."

आई बसली. लुआने टेबलावर माशाच्या सॉसची बाटली ठेवली, तिच्यापुढे अर्धा बटाटा कापून ठेवला, त्यात उदबत्ती खोचली आणि पेटवली.

"हे काय आता? बाटलीची पूजा?"

"बघ फक्त."

दोघी बघत बसल्या. बाहेर ब्रनोकडच्या त्या कुटुंबातला पोरगा दुकानात गिऱ्हाईकाशी मोडकंतोडकं चेक बोलत होता. राख वाढत गेली, पडली नाही. मग राखेने मान वळवली, ती हळूहळू खाली आली, आणि बाटलीपुढे तिचं गोल कडं झालं. गॅलरीत झालं होतं तसंच, अगदी तेवढंच.

"पाहिलंस?" लुआ म्हणाली. "बाटलीपुढेसुद्धा वळते. काडीला रसायन असतं, आई. बाजारात मिळते अशी. मला माहीत होतं, आणि मी घेतली, कारण फोटोत चांगली दिसते. तिथे कुणी आलं नव्हतं. दादा आला नव्हता. मी तुला फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. तो जिवंत असू शकतो. तू नंबर बंद करू नकोस. दुकान जाऊ दे, पण नंबर नको बंद करू. मी पाया पडते तुझ्या."

ती खरंच खाली बसली आणि तिने आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. आता आई मारेल, असं तिला वाटलं. मारावं, असंही वाटलं. चांगली थोबाडीत द्यावी आणि म्हणावं, कार्टे, माझ्या जिवंत पोराला मारलंस! मग उठावं, फोटो खाली काढावा आणि पुन्हा दाराकडे बघायला लागावं.

आई राखेकडे बघत होती.

"आलास का रे?" ती म्हणाली.

लुआने डोकं वर केलं.

"तिथे परक्यांच्या देखत आला होता," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका मऊ झाला होता की बघवत नव्हतं. "आता घरी आला. फोटो नाही, फळ नाही, पोरीने नुसता बटाटा ठेवला, तरी आला. इतकी भूक लागलीय त्याला."

"आई! रसायन आहे ते! मी आत्ताच सांगितलं तुला!"

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय मग?" आई एकदम ओरडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा लुआवर ओरडली. "मग काय करू मी? पुन्हा दारात बसू? अजून किती वर्षं बसू, सांग! तू बसणार आहेस का माझ्या जागी? अंग धुताना, झोपताना, जेवताना, हागताना सतत कान तिकडे! आई होऊन बघ एकदा, मग ये मला बटाटे दाखवायला!"

आईने बाहीने तोंड पुसलं, उठली, तीन वाडगे काढले. भात वाढला, सकाळचं डुकराचं मटण होतं ते गरम केलं. एक वाडगा बाटलीपुढे ठेवला, एक लुआपुढे, एक स्वतःपुढे.

"थोरल्याला जेवायला बोलव," ती म्हणाली. "धाकट्याने बोलवल्याशिवाय कुणी काडी उचलत नाही. का तेही विसरलीस तुमच्या चित्रांच्या शाळेत?"

लुआने मान हलवली. नाही म्हणून हलवली. हे एक वाक्य ती म्हणणार नव्हती. ते म्हटलं की संपलं, मग तोआनला मारणाऱ्यांत तिचंही नाव आलं. पण आई काड्या हातात धरून वाट बघत होती. भात थंड होत होता. म्हातारी दिसत होती ती, हात इतके बारीक की काड्यांत आणि बोटांत फरक कळू नये.

"दादा," लुआ म्हणाली, "जेवायला ये."

म्हटलं आणि तिला हुंदका फुटला. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या रडण्यात तिला बरं वाटलं. आई जेवत होती. मधूनच बाटलीपुढच्या वाडग्यात मटणाचा एक तुकडा टाकत होती.

"उद्या सकाळी चल माझ्याबरोबर," जेवण झाल्यावर ती म्हणाली. "फोनवाल्याकडे. माझं चेक त्यांना कळत नाही."

हे काम लुआचंच होतं, अगदी पहिलीत होती तेव्हापासून. आमच्या पोरांना हे चुकत नाही. डॉक्टर, शाळा, घरमालक, कचेरी, सगळीकडे आईबापांच्या शेजारी उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं. बाबांचा कॅन्सरसुद्धा आईला लुआनेच सांगितला होता, डॉक्टरच्या तोंडचा शब्द उचलून, दप्तर पाठीवर असताना. आणि तिला एका गोष्टीचा अभिमान होता. तिने कधीही एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. कडू असेल तर कडू, पण जसाच्या तसा.

फोनवाल्याच्या दुकानात काउंटरमागे एक दाढीवाला तरुण होता. आई कोटाची सगळी बटणं लावून त्याच्यापुढे उभी राहिली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "त्याला सांग, हा नंबर कायमचा बंद करायचा. ज्याच्यासाठी ठेवला होता, तो आता फोन करणार नाही."

लुआने तोंड उघडलं.

"काय म्हणतात त्या?" तरुणाने विचारलं.

"हा नंबर," लुआ चेकमध्ये म्हणाली, "माझ्या नावावर करायचाय."

"हो, होईल की. त्यांची सही लागेल. तुमचं ओळखपत्र द्या."

लुआने दिलं. तिचे कान तापले होते. आई तिच्याकडे बघत होती.

"एवढं काय बोलत होता?"

"बंद करायला सही लागते म्हणतो."

आईने सही केली. तिची सही करायची पद्धत होती तशीच, एकेक अक्षर दाबून, जीभ दातांत धरून. तरुणाने काहीतरी बटणं दाबली, "झालं" म्हणाला, आणि हसून चांगला दिवस जावो म्हणाला. लुआने ताकास तूर लागू दिली नव्हती. नंबर वाचला होता. तिला वाटलं होतं आपल्याला हलकं वाटेल. वाटलं नाही. आईला आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, आणि ते कुणासाठी, तर कदाचित जगातच नसलेल्या माणसासाठी.

दोघी बाहेर येऊन ट्रॅमच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. आईने पर्समधून तो जुना फोन काढला आणि लुआच्या हातावर ठेवला.

"घे. मला आता नको."

लुआने तो कोटाच्या खिशात टाकला. आई समोर रुळांकडे बघत होती.

"दुपारी पण एकदा चार्जिंगला लावावा लागतो," ती म्हणाली. "बॅटरी उतरते. रात्रभर लावून भागत नाही."

लुआने आईकडे वळून पाहिलं.

"आवाज मोठा ठेव. आणि मोरीत नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, मागे एकदा भिजला होता. अनोळखी नंबर आला तर लगेच हॅलो म्हणू नकोस. आधी ऐक. कधी कधी पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता श्वास येतो. तेव्हा ठेवू नकोस. थांब."

"आई..."

"मला काही सांगू नको." आईने तिच्याकडे पाहिलं नाही. "तीस वर्षं काढली ह्या देशात. 'माझ्या नावावर' एवढं कळतं मला."

"मग सही का केलीस?"

"मी त्याला जेवायला घातलंय. गावी जाऊन त्याची जागा बांधणार आहे. दरवर्षी त्याचा दिवस करणार आहे. माझ्या दृष्टीने तो गेला, पोरी. मला जाऊ दे. माझ्याच्याने आता होत नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "तुझ्या दृष्टीने नसेल गेला तर तू बघ. तू तरुण आहेस."

ट्रॅम आली. आई पुढच्या दाराने चढली, खिडकीशी बसली आणि तिने डोळे मिटले. दोन थांबे गेले नाहीत तोच तिचं डोकं काचेला टेकलं. तिला झोप लागली होती, भरल्या ट्रॅममध्ये, तोंड उघडं ठेवून.

लुआने खिशातून फोन काढून पाहिला. कुणाचा आला नव्हता. तिने आवाज मोठा केला, परत खिशात ठेवला, आणि पुढच्या थांब्याच्या आत पुन्हा काढून पाहिला.